वेंडेलच्या गाडीचे मागचे पाटे

वेंडेल ओस्टरहाउसला त्या उन्हाळ्यात कशाचाही राग येत असे. टपालवाल्याचा, अंगणातल्या खारींचा, नगरपालिकेतल्या पाणचट कॉफीचा. पण मुळातलं कारण एकच होतं आणि ते सगळ्या हार्लन मिल्स गावाला ठाऊक होतं. त्याची बायको मार्लिस दर बुधवारी शेजारच्या गॉर्डीच्या गाडीतून आइसक्रीम खायला जात होती.

आता यात भलतंसलतं काही नाही. गॉर्डी बहात्तर वर्षांचा, आणि त्याची बायको बर्निस पुढच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसलेली असायची. पण आमच्या मिशिगनच्या या कोपऱ्यात बुधवार हा साधा वार नव्हे. मे ते सप्टेंबर दर बुधवारी संध्याकाळी गावातले यच्चयावत पुरुष आपापल्या जुन्या गाड्या पुसूनबिसून आइसक्रीमच्या दुकानापुढे आणून लावतात, बॉनेट उघडतात, गाडीमागे घडीच्या खुर्च्या मांडतात आणि अंधार पडेपर्यंत एकमेकांच्या इंजिनात बघत बसतात. बावीस वर्षं वेंडेल तिथे मार्लिसला शेजारी बसवून गेला होता. आता तो एकटा पुढे, आणि मागून गॉर्डीची बिस्किटी रंगाची, सरकत्या दारांची गाडी. तिच्या मागच्या सीटवर मार्लिस. त्या सीटला म्हणे बटण दाबलं की पाठ शेकते.

हिवाळ्यात मार्लिसच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. मेमधल्या पहिल्या बुधवारी ती हौसेने वेंडेलच्या गाडीत बसली. रेल्वे फाटकापाशी रुळांवरून गाडी आदळली तेव्हा तिच्या तोंडून असा शब्द निघाला की चर्चमध्ये गाणाऱ्या बाईला तो येतो हेच वेंडेलला माहीत नव्हतं.

"वेंडेल," श्वास परत आल्यावर ती म्हणाली, "या गाडीचं मागचं काहीतरी कर. तोवर मी हिच्यात बसणार नाही."

गाडी एकाहत्तर सालची. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. आमच्या गावात त्यावरून दोन पक्ष आहेत, लग्नंसुद्धा शक्यतो पक्षातल्या पक्षातच होतात, आणि मला अजून इथे राहायचं आहे. या गाडीचं पुढचं सगळं उत्तम होतं. मागे मात्र चाकांवर गाडीचा भार पेलणारे लोखंडी पाटे पन्नास वर्षांत थकून सपाट झाले होते. खड्डा आला की गाडी सरळ ॲक्सलवर आपटायची. पाटे बदलायचे, सोबत हिसके जिरवणारे शॉकअब बदलायचे, एवढंच काम. वेंडेल म्हणाला, दोन शनिवार.

त्याची चूक झाली ती हे मोठ्याने म्हणण्यात. कुंपणापलीकडे गॉर्डी गवत कापत होता. त्याने यंत्र बंद केलं.

"पाटे बदलतोयस? कुठले घेणार?"

"बघतोय."

"बघू नकोस. बघणारे फसतात. मी चाळीस वर्षं साचे बनवलेत, लोखंडातलं मला कळतं. पाच पानांचे घे, एकावर एक पाच पट्ट्या."

"हल्ली चार पानांचे असतात ना?"

"हल्ली!" गॉर्डी म्हणाला. त्या एका शब्दात त्याने एकोणीसशे पंचाहत्तरनंतर झालेलं सगळं निकालात काढलं.

बुधवारी खुर्च्यांवर विषय निघाला. स्टू विंकल्मन हा तिथला सर्वांत अधिकारी माणूस. त्याची गाडी सरळ रेषेत पाव मैल शर्यत मारते, आणि ती कशी मारते हे तो तुम्हाला त्याहून बऱ्याच सावकाश सांगतो. "मागचं टोक बसता कामा नये," स्टू म्हणाला. "पाय दाबलास की मागचं बसतं, तिथे ताकद वाया जाते. कडक पाटे घे. आणि पाट्यांच्या टोकांना बसवतात ती रबरी बुश फेकून दे, ती म्हाताऱ्यांसाठी असतात." खुर्च्यांवर बसलेल्या अकरा जणांचं मिळून वय साडेसातशेच्या आसपास असेल, पण त्यांनीही माना डोलावल्या. एकाने पाटे काढूनच टाक म्हणून सांगितलं. दुसऱ्याने वेंडेलला बजावलं की मूळ पाटा बदललास तर ती गाडी मेली असं समज, आणि स्वतः आइसक्रीम आणायला गेला.

मार्लिस चार हातांवर बर्निसशेजारी बसली होती. "वेंडेल, एक सांगू?" ती म्हणाली.

"थांब गं, स्टू बोलतोय."

मग फोन. पार्ट विकणाऱ्या कंपनीतला माणूस फार अदबीने बोलत होता. गाडीचं साल, इंजिन, सगळं लिहून घेतल्यावर त्याने विचारलं, "साहेब, गाडी वापरता कशासाठी? रस्ता, शर्यत, की दोन्ही?"

या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं की गाडी आठवड्यातून एकदा चार मैल आइसक्रीम खायला जाते, ताशी पस्तीसच्या वेगाने, आणि पाऊस असेल तर तेही नाही. हे उत्तर त्या फोनवर आजवर कुणी दिलेलं नाही. तसली गाडी ठेवणारा पुरुष असं उत्तर देऊच शकत नाही. वेंडेल पालिकेत पाण्याची बिलं काढतो. दिवसभर लोक त्याला खिडकीतून बोल लावतात. त्याला एक अनोळखी माणूस आदराने विचारत होता की तुम्ही शर्यत मारता का.

"दोन्ही," वेंडेल म्हणाला. मग घसा खाकरून, "मुख्यतः शर्यत."

"वाटलंच मला," तो माणूस म्हणाला, आणि त्याने यादीतले सर्वांत कडक पाटे लिहून घेतले.

शनिवारी वेंडेलने घरापुढच्या उतारावर गाडी जॅकवर घेतली, ॲक्सलपुढे टेकू म्हणून दोन लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली, जुने पाटे काढले. यात एक नखही गेलं. मग खोकं उघडलं. आत दोन्ही पाटे डाव्या बाजूचे निघाले. फोनवरचा माणूस आता इतका अदबीने बोलत नव्हता. आधी चुकीचा पाटा परत पाठवा, तो आम्हाला मिळाला की आम्ही तपासणार, मग ठरवणार. वेंडेल फोनवर असा ओरडला की गॉर्डीच्या कुत्र्याने त्याला उत्तर दिलं.

दहा दिवस गाडी मागचं टोक उचलून घोड्यांवर उभी होती. अकराव्या दिवशी दारावर पिवळा कागद चिकटलेला मिळाला. चाकं काढलेलं वाहन घरापुढे तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवल्यास ते निकामी समजण्यात येईल. पालिका. खाली सही जनीन मॉसची.

जनीन मॉस पालिकेत वेंडेलपासून अकरा फुटांवर बसते. दोघं एकाच भांड्यातली कॉफी पितात. वेंडेल सकाळी तो कागद हातात धरूनच आत शिरला.

"जनीन, हे काय आहे?"

"नोटीस आहे."

"ते दिसतंय मला. अगं, तू मला सांगायचंस ना! मी इथे, या इथे बसतो!"

"सांगितलं असतं तर ते तोंडी झालं असतं. तोंडी चालत नाही. हे पाण्याच्या बिलाला तूच सगळ्यांना ऐकवतोस."

हे खरं होतं, आणि म्हणूनच वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बरं, मुदतवाढीचा अर्ज दे."

"अर्ज खिडकीतून मिळतो. बाहेरच्या बाजूने."

जेवणाच्या सुट्टीत वेंडेल ओस्टरहाउस स्वतःच्या कचेरीतून बाहेर पडला, इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराने आत आला आणि रांगेत उभा राहिला. पुढच्या गृहस्थाने वळून पाहिलं.

"तुम्हीच ना पाण्याच्या बिलाचे? मी तुमच्यासाठीच थांबलोय वीस मिनिटं. खुर्चीवर कुणी नाही."

"माझी सुट्टी चालू आहे."

"मग इथे काय करताय?"

खिडकीपाशी नंबर आल्यावर जनीनने त्याला कधीच पाहिलं नसल्यासारखं नाव विचारलं. वाहन निकामी असण्याचं कारण, या रकान्यात वेंडेलने लिहिलं, वाहन निकामी नाही, मालकाचा छळ चालू आहे. जनीनने अर्ज परत सरकवला. "कारणाच्या रकान्यात भावना लिहायच्या नाहीत, साहेब." तिने साहेब म्हटलं हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

चौदा दिवसांची मुदत मिळाली. तेराव्या दिवशी उजवा पाटा आला. गॉर्डी न बोलावता आला, खुर्ची घेऊन. पाटे चढवले, शॉकअब चढवले, आणि गाडी हवेत लटकत असतानाच दोघांनी मिळून सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. मग गाडी खाली उतरवली. ती पूर्ण उतरलीच नाही. म्हणजे चाकं टेकली, पण मागचा भाग पाहुणा बसायला सांगूनही उभाच राहावा तसा वर राहिला. पुढचं नाक रस्त्याला, मागचं आभाळाला.

"बसेल," गॉर्डी म्हणाला. "वापराने बसतं."

"कधी?"

"वजन टाक डिकीत."

वेंडेलने घरातलं जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राला लागणाऱ्या मिठाच्या सहा गोण्या डिकीत टाकल्या. गाडी बोटभर बसली. सातवी गोणी टाकताना त्याच्या स्वतःच्या कमरेत उसण भरली, पण ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. अशी वाकडी कंबर घेऊन, मीठ घेऊन, तो मार्लिसला बोलवायला घरात गेला. "झालं," तो म्हणाला. "चल. आता बघ."

मार्लिसने लिपस्टिक लावली होती. हे मी मुद्दाम सांगतो. अडीच महिने झाले होते, तीही वाट बघत होती. ती जपून आत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि वेंडेलकडे बघून हसली. गाडी उतारावरून रस्त्यावर आली. तिथे जेमतेम अंगठ्याएवढी उंच कड आहे. त्या कडेचा दणका मागच्या कडक पाट्यांनी जसाच्या तसा वर पाठवला. पुढे सात घरांपर्यंत रस्त्याला किती भेगा आहेत हे दोघांच्या मणक्यांना एकेक करून कळलं.

"थांब," मार्लिस म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "गाडी थांबव."

"अगं, अजून बसायचेत ते. गॉर्डी म्हणाला—"

"वेंडेल, थांबव!"

ती उतरली आणि एक हात कमरेवर ठेवून चालत घराकडे निघाली. शेजारच्या ओसऱ्यांवर लोक बसले होते. सात घरं. वेंडेल गाडी रिव्हर्समध्ये घालून तिच्या बाजूने मागेमागे येत होता आणि खिडकीतून ओरडत होता. अडीच महिन्यांचा राग, नखाचा, पिवळ्या कागदाचा, खिडकीतल्या साहेबाचा, सगळा त्या एका बाईवर निघाला. "सर्वांत भारी पाटे आहेत हे! स्टूलासुद्धा हेच पाहिजे होते! तुला काय कळतं गं स्प्रिंगमधलं?"

मार्लिस थांबली. तिने वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग आत गेली आणि दार लावलं. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं वेंडेलला वाटलं.

कारण मार्लिस ओस्टरहाउसने एकतीस वर्षं गावाबाहेरच्या खुर्च्यांच्या कारखान्यात, चाचणीच्या खोलीत काढली होती. किती वजनाचा माणूस किती जोरात बसला तर खालची स्प्रिंग किती दबली पाहिजे, दबून किती वेळात परत आली पाहिजे, आणि ती चुकली तर पाठीचा कुठला मणका बोंबलतो, हे ठरवण्यात तिची नोकरी गेली. अर्ध्या देशातले कारकून तिने पास केलेल्या खुर्च्यांवर बसतात. वेंडेलही पालिकेत तसल्याच खुर्चीवर बसत होता.

सकाळी ती स्वयंपाकघरात कॅटलॉग उघडून, चष्मा लावून बसली होती. वेंडेल आला. दोघांपैकी कुणी माफी मागितली नाही.

"डिकीत काय असतं?" तिने विचारलं.

"काही नाही. घडीच्या दोन खुर्च्या."

"मागे कोण बसतं?"

"कोणी नाही."

"वेग?"

इथे फोनवरचा माणूस नव्हता, स्टू नव्हता, कुणीच नव्हतं. "पस्तीस," वेंडेल म्हणाला.

तिने पान उलटलं, एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. मूळ मापाचे, सर्वांत मऊ पाटे. रबरी बुश. साधे शॉकअब. किंमत आधीच्या निम्मी. "आणि बोल्ट गाडी खाली उतरवून, तिचं वजन चाकांवर आल्यावर आवळा. हवेत आवळले तर बुश तिथेच अडकतं. म्हणून ती मागून उचललेली राहिली. एवढं तरी गॉर्डीला कळायला हवं होतं."

पार्ट आले, बसले. गाडी सरळ उभी राहिली. बुधवारी मार्लिस पुढच्या सीटवर बसून निघाली. फाटकापाशी वेंडेलने श्वास रोखला. रुळांवरून गाडी नुसती झुलली आणि पलीकडे गेली. मार्लिसने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. "अगदी बरोबर," ती हळूच म्हणाली, आणि त्यात नवऱ्याचं कौतुक होतं की पाट्यांचं, हे वेंडेलने विचारलं नाही.

दुकानापुढे गाडी आत शिरताना एक डांबरी उंचवटा लागतो. तिथे प्रत्येकाची गाडी खडखडते आणि प्रत्येकजण ते ऐकत बसलेला असतो. वेंडेलची गाडी आवाज न करता आली. अकरा माणसं खुर्च्यांवरून उठली. स्टू विंकल्मन गुडघ्यावर बसून गाडीखाली बघायला लागला. त्याआधी स्टूला मी कुणाच्याही गाडीखाली बघताना पाहिलेलं नव्हतं.

"काय घातलंयस रे हे?" स्टू म्हणाला. "कुणी निवडले?"

मार्लिस हातात व्हॅनिलाचा कोन घेऊन तीन पावलांवर उभी होती. सगळे वेंडेलकडे बघत होते. बावीस वर्षांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

"मीच," वेंडेल म्हणाला. "जरा अभ्यास केला."

"मानलं तुला!" स्टू म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

मार्लिसने उरलेला कोन कचऱ्याच्या डब्यात टाकला. "गॉर्डी," ती म्हणाली, "मला घरी सोडतोस?"

सरकतं दार उघडलं, बंद झालं. बिस्किटी गाडी निघाली. वेंडेल बॉनेट धाडकन लावून तिच्यामागे निघाला. काय सुंदर चालत होती गाडी! एक भेग जाणवली नाही. शेजारची सीट रिकामी होती आणि वेंडेलला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा हे शोधत तो पहिल्या सिग्नलपर्यंत आला. कंपनीने योग्य पार्ट दिले होते. पालिकेने नोटीस मागे घेतली होती. गॉर्डी हुकमाचा ताबेदार होता. रागवायला कुणी शिल्लकच नव्हतं, एक सोडून.

सिग्नल लाल होता. वेंडेल भर रस्त्यात उतरला आणि त्याने बिस्किटी गाडीची काच ठोठावली. काच खाली आली. पुढून बर्निस आणि गॉर्डी मान वळवून बघत होते.

"पाटे तू निवडलेस," वेंडेल म्हणाला. "सगळं तूच केलंस."

"मला माहीत आहे ते," मार्लिस म्हणाली. "मला काय सांगतोस?"

काच वर गेली. सिग्नल हिरवा झाला. मागून चार गाड्यांनी एकदम भोंगे वाजवले. वेंडेलने त्यांना एक शिवी दिली, आत बसला आणि गाडी उलटी वळवली.

दुकानापुढे सगळे तसेच होते. तो गाडीतून उतरला नाही, खिडकीतूनच बोलला, आणि मोठ्याने बोलला.

"मी खोटं बोललो. माझ्या डोक्याने घेतलेल्या पाट्यांनी तिला सात घरं चालायला लावली. हे तिने निवडले. तुम्ही सगळे मिळून दोन महिने बडबडलात आणि मी ऐकत बसलो, ती तिथे बसली होती, तुमच्यापैकी एकाने तिला विचारलं नाही, मी तर नाहीच नाही!"

कुणीतरी कोन चाटायचं थांबलं. शेवटी स्टूने घसा साफ केला.

"मग असं कर ना," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "माझीही हल्ली कंबर धरते. तुझ्या बायकोला विचार ना, माझ्या गाडीला कुठले बसतील."

"स्वतः विचार!" वेंडेल ओरडला. "आणि आधी विचार तिला वेळ आहे का. आणि ‘तुझ्या बायकोला, तुझ्या बायकोला’ काय करतोस? मार्लिस नाव आहे तिचं!"

त्याने गिअर टाकला, मग परत काढला, खाली उतरला, आणि व्हॅनिलाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे सात माणसं होती.